नाडी, गुठळी आणि रोजची गोळी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



या मेळाव्यात मी बोलावे असे ठरले तेव्हा सचिवांनी मला विषय सुचवला होता, 'सोसायटीच्या हिशेबाची पंचवीस वर्षे'. मी त्यांना म्हटले, "साहेब, हिशेब अहवालात छापलेला आहे, तो लोक वाचतील. मला दुसऱ्या एका हिशेबावर बोलू द्या." त्यांनी मोठ्या मनाने परवानगी दिली, त्याबद्दल त्यांचे आभार.

सावेडीच्या या भागात आपण राहायला आलो तेव्हा आपल्यातले बरेच जण पन्नाशीच्या आसपास होते. मीटिंगमध्ये विषय असायचे नळाचे पाणी, ड्रेनेज, कंपाउंडची भिंत. आज कट्ट्यावर विषय असतात शुगर, बीपी आणि गुडघे. पण एका आजाराचे नाव कट्ट्यावर फारसे निघत नाही, कारण तो दुखत नाही. त्याचे नाव एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर मंडळी थोडक्यात 'एएफ' म्हणतात. मराठीत सांगायचे तर हृदयाचे ठोके अनियमित पडणे.

मी डॉक्टर नाही. उभी नोकरी बँकेत केली, जिल्ह्यातल्या पाच-सहा तालुक्यांत बदल्या झाल्या, कर्जप्रकरणे तपासली. पण तीन वर्षांपासून मी स्वतः या आजाराचा रुग्ण आहे. समोर आलेला कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही ही सवय असल्यामुळे, गोळी सुरू करण्यापूर्वी मी तिच्याबद्दल वाचले आणि माझ्या डॉक्टरांना भरपूर प्रश्न विचारून त्रास दिला. त्यातून जे समजले ते सांगतो. गोळी सुरू करणे, बंद करणे, बदलणे हे मात्र तुमच्या डॉक्टरांचेच काम. माझे भाषण ऐकून कोणी मेडिकलमध्ये जाऊ नये, ही पहिली विनंती.

आधी आजार काय ते पाहू. हृदयाला चार कप्पे असतात, दोन वर आणि दोन खाली. वरचे कप्पे आकुंचन पावून रक्त खाली ढकलतात, खालचे ते अंगभर पाठवतात. एएफमध्ये वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. त्यामुळे तिथे रक्त रेंगाळते. आपण पाटपाण्याच्या जिल्ह्यातली माणसे. वाहत्या पाटात शेवाळ धरत नाही, पाणी तुंबले की धरते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्याला एक लहानशी पिशवी असते. रेंगाळलेल्या रक्ताची गुठळी बहुतेक वेळा तिथेच होते. ती तिथे बसून राहिली तर तुम्हाला कळतही नाही. ती सुटून रक्ताबरोबर मेंदूकडे गेली आणि एखाद्या वाहिनीत अडकली, की त्या वाहिनीवर अवलंबून असलेला मेंदूचा भाग मरू लागतो. तोच पक्षाघात. खेड्यात आपण त्याला लकवा म्हणतो.

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाचे एक गाव आहे. तिथल्या लोकांच्या हृदयाची नोंद १९४८ पासून ठेवली जात आहे. त्या नोंदींवरून १९९१ मध्ये दाखवले गेले की एएफ असणाऱ्याला पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पट असतो. ऐंशी ते नव्वद वयाच्या लोकांमधले जवळजवळ एक चतुर्थांश पक्षाघात या एका कारणामुळे होतात. आणि अशा गुठळीने होणारा पक्षाघात सहसा मोठा असतो, कारण गुठळीही मोठी असते.

पक्षाघात म्हणजे काय हे महाराष्ट्राला नवीन नाही. १८८८ मध्ये महात्मा फुल्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू निकामी झाली आणि 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक त्यांनी डाव्या हाताने लिहिले. कारण काहीही असो, पक्षाघात आधीच रोखण्याचे साधन त्या काळात नव्हते. आजही गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांत केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले. सातातला एक मृत्यू त्याने झालेला. सगळे पक्षाघात एएफमुळे होत नाहीत. बीपी हे त्याचे फार मोठे कारण आहे. पण एएफचा पक्षाघात असा आहे की तो बऱ्याच प्रमाणात टाळता येतो. म्हणून त्याच्याबद्दल बोलायचे.

टाळता येतो तो गोळीने. आपण तिला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो. हा शब्दच घोटाळा करतो. दुधात पाणी घातल्यासारखे रक्त काही पातळ होत नाही. रक्त गोठण्याची जी साखळी असते, तिचा वेग ही गोळी कमी करते, एवढेच. त्यामुळे "रक्त पातळ झालं की अशक्तपणा येतो" हे जे कट्ट्यावर ऐकू येते, त्यात तथ्य नाही.

आता कोणाला गोळी लागते? डॉक्टर त्यासाठी गुण देतात. त्या पद्धतीला चॅड्स-व्हॅस्क म्हणतात. बीपी असेल तर १ गुण, मधुमेह असेल तर १, हृदयाची ताकद कमी झाली असेल तर १, पूर्वी हार्ट अटॅक वगैरे झाला असेल तर १. पूर्वी पक्षाघात किंवा त्याचा तात्पुरता झटका येऊन गेला असेल तर २. वय ६५ ते ७४ असेल तर १, आणि ७५ पूर्ण झाले की २. जुन्या पद्धतीत स्त्रियांना १ गुण जास्त धरत, युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तो काढून टाकला आहे. एकूण २ झाले की गोळीचा सल्ला दिला जातो, १ असेल तर डॉक्टर विचार करून ठरवतात. शाळेत जास्त गुण मिळाले की पेढे वाटायचे, इथे उलटे आहे. आणि लक्षात घ्या, ७५ पूर्ण झालेल्या माणसाचे २ गुण दुसरे काहीही नसताना, नुसत्या वयाने भरतात.

माझ्या आजच्या बोलण्याचा मुद्दा हाच. आपल्याकडे म्हणतात, "वय झालं आता, कशाला ती रक्ताची गोळी? काही भलतं व्हायचं." वय झाले म्हणून गोळी नको, असा हा हिशेब. खरा हिशेब उलट आहे. वय झाले म्हणूनच गोळी हवी. वयाबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो हे खरे, पण गुठळीचा धोका त्याहून जास्त वाढतो.

यावर कोणी म्हणेल, मग साधी अ‍ॅस्पिरिन घेऊ, ती सौम्य असते. हा प्रश्न इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी ७५ वर्षांवरच्या ९७३ रुग्णांवर तपासून पाहिला. निम्म्यांना अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना वॉरफेरिन. निकाल २००७ मध्ये आला. मेंदूतला रक्तस्राव आणि इतरत्र अडकलेली गुठळीही धरून, गंभीर पक्षाघात अ‍ॅस्पिरिनवाल्यांत वर्षाला हजारी ३८ आणि वॉरफेरिनवाल्यांत हजारी १८. निम्म्याहूनही कमी. आणि मोठा रक्तस्राव? दोन्हीकडे जवळपास सारखाच. पुढे २०११ मध्ये, ज्यांना वॉरफेरिन देता येत नाही अशा साडेपाच हजारांवर रुग्णांत अपिक्साबान नावाची नवी गोळी अ‍ॅस्पिरिनशी तोलली गेली. तिथे हे प्रमाण हजारी ३७ आणि १६ असे निघाले, आणि मोठा रक्तस्राव हजारी १२ आणि १४. म्हणजे एएफसाठी अ‍ॅस्पिरिन देऊन रक्तस्रावाची जोखीम जवळजवळ तेवढीच घ्यायची आणि संरक्षण मात्र थोडेच मिळवायचे. बँकेच्या भाषेत, हप्ता पूर्ण आणि विमा अर्धाच. ज्यांना हार्ट अटॅक किंवा स्टेंटमुळे अ‍ॅस्पिरिन दिली आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी ती आपल्या मनाने बंद करू नये.

दुसरी भीती पडण्याची. "बाबा बाथरूममध्ये घसरले, डोक्याला लागलं आणि रक्त थांबलंच नाही तर?" मुलांची ही भीती खोटी नाही. पण १९९९ मध्ये काही संशोधकांनी याचेही गणित मांडले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे, पडून डोक्यात रक्तस्राव होण्याचा धोका गोळीच्या फायद्यापेक्षा मोठा व्हायला त्या म्हाताऱ्याने वर्षातून सुमारे २९५ वेळा पडायला हवे. अंदाज तो अंदाजच. तरी पडण्याच्या भीतीने गोळी टाळण्यापेक्षा पडणे टाळणे शहाणपणाचे, हे त्यातून कळते. बाथरूमला दांडी लावा, रात्री मंद दिवा ठेवा, घसरणारी पायपुसणी काढून टाका.

या गोळीचा जन्म मोठा मजेशीर आहे, आणि दूधधंद्याच्या आपल्या जिल्ह्याला तर जवळचा वाटेल असा. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात गाई अचानक रक्तस्राव होऊन मरू लागल्या होत्या. कारण निघाले बुरशी लागलेला चारा. १९३३ च्या हिवाळ्यात एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली गाय आणि कॅनभर न गोठलेले रक्त घेऊन विद्यापीठात कार्ल लिंक या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोहोचला. काही वर्षांच्या मेहनतीनंतर लिंक यांच्या सहकाऱ्यांनी त्या चाऱ्यातले द्रव्य वेगळे काढले. त्यावरून पुढे वॉरफेरिन तयार झाले. ते १९४८ मध्ये बाजारात आले उंदीर मारायचे औषध म्हणून! माणसांसाठी मान्यता मिळाली १९५४ मध्ये, आणि १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आल्यावर ते दिले गेले. तेव्हा "ते उंदराचं औषध आहे" असे कोणी म्हणाले तर घाबरू नका. मात्रा महत्त्वाची.

वॉरफेरिन, आणि आपल्याकडे जास्त चालणारी त्याच जातीची एसिट्रोम ही गोळी, यांना आयएनआर नावाची रक्ततपासणी ठरावीक काळाने करावी लागते. हा आकडा सहसा २ ते ३ मध्ये ठेवतात. मेथी, पालक, चाकवत यांत व्हिटॅमिन के असते आणि ते या गोळीच्या विरुद्ध काम करते. म्हणून भाजी बंद करायची नाही, पण एक आठवडा रोज मेथी आणि पुढे महिनाभर काहीच नाही, असेही करायचे नाही. प्रमाण सारखे ठेवायचे.

पुढे नव्या गोळ्या आल्या. डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबान, अपिक्साबान, एडॉक्साबान. त्यांना आयएनआर लागत नाही आणि मेंदूतला रक्तस्राव वॉरफेरिनच्या साधारण निम्मा होतो. पूर्वी त्या फार महाग होत्या. पेटंटची मुदत संपल्यावर अनेक कंपन्या त्या बनवू लागल्या आणि दर खाली आले. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत वॉरफेरिनबरोबर डॅबिगॅट्रानही आहे. जनऔषधी केंद्रात चौकशी करायला लाजू नका.

मात्र एक अपवाद नीट ऐका. लहानपणी सांधेतापातून हृदयाची झडप खराब होण्याचा आजार आपल्या देशात खूप आहे. मुंबईचे डॉ. अमित व्होरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशभरातल्या नोंदीत, एएफच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना हा झडपांचा आजार होता. अशा रुग्णांसाठी नवी गोळी चांगली की जुनी, हे दिल्लीच्या एम्समधले डॉ. गणेशन कार्तिकेयन आणि अनेक देशांतल्या डॉक्टरांनी तपासले. २०२२ मध्ये निकाल आला की झडपेच्या रुग्णांत जुनी गोळीच सरस, मृत्यू तिच्यात कमी. धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांनाही जुनीच गोळी लागते. म्हणून "शेजारच्यांची नवी गोळी मलाही द्या" असे डॉक्टरांना सांगू नका. तसेच जुन्या गोळीवर वर्षानुवर्षे नीट असलेल्या, थकलेल्या म्हाताऱ्या माणसाची गोळी केवळ नवे आले म्हणून बदलू नये, असे नेदरलँड्समधल्या २०२३ च्या अभ्यासात दिसले. बदलल्यावर रक्तस्राव वाढला.

आता घरातली गोष्ट सांगतो. माझे थोरले बंधू नेवासे तालुक्यात गावी राहतात. वय ८१. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. एएफ निघाल्यावर त्यांना गोळी सुरू झाली, चार वर्षे ती नियमित चालली. मग दाढ काढायची ठरली. "रक्ताची गोळी दोन दिवस बंद ठेवा" असे त्यांना सांगितले गेले. अण्णांनी बंद ठेवली. दाढ निघाली, जखम भरली. गोळी पुन्हा कोणत्या तारखेला सुरू करायची, हे ना कोणी लिहून दिले, ना कोणी विचारले. अण्णांना बरेच वाटत होते. गोळी न घेताही बरेच वाटते, यातच या आजाराचा दगा आहे. पाच आठवड्यांनी पहाटे उठताना ते पलंगाजवळ कोसळले. हृदयातून आलेली गुठळी, असे मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितले.

अण्णा भजनी मंडळात चाळीस वर्षे पेटी वाजवायचे. आता उजवा हात चालत नाही आणि बोलणे गेले. संध्याकाळी पुतण्या पेटी समोर ठेवतो. डाव्या हाताने ते भाता हलवतात. पट्ट्यांवर फिरायला हात नाही. मी समोर बसलो की माझ्याकडे बघतात, काहीतरी म्हणायचे असते, शब्द येत नाही. वहिनी म्हणतात, "भाऊजी, त्यांना सगळं कळतं हो." ते सगळे कळते, हेच बघवत नाही.

मी यात कोणाला दोष देत नाही. पण बँकेत आपण एखाद्या चेकचे पेमेंट थांबवायला सांगतो तेव्हा ते लेखी देतो, तारीख घालतो, पोच घेतो. औषध थांबवण्याच्या बाबतीत तेवढी शिस्त आपण का ठेवू नये? म्हणून दात, मोतीबिंदू, ऑपरेशन, काहीही असो, तीन गोष्टी लिहून घ्या. बंद करायचीच आहे का? करायची तर कोणत्या तारखेपासून? आणि पुन्हा सुरू कोणत्या तारखेला? पहिला प्रश्न मुद्दाम सांगतो, कारण साधा दात काढायला किंवा मोतीबिंदूला बऱ्याचदा ती बंद करावीच लागत नाही. ज्यांनी गोळी सुरू केली त्या डॉक्टरांना एक फोन करा.

रोजच्या वापरातल्या आणखी काही गोष्टी. नव्या गोळ्यांचा असर साधारण एका दिवसात ओसरतो, त्यामुळे खाडे चालत नाहीत. खाडा झाला म्हणून दुसऱ्या वेळी दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. रिव्हरॉक्साबान जेवणाबरोबर घ्यायची. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडायची नाही आणि मूळ पाकिटातून काढून डबीत भरून ठेवायची नाही, ती ओल धरते. अपिक्साबान साधारणपणे ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असते. वय ८० वा जास्त, वजन ६० किलो वा कमी, आणि क्रिएटिनिन १.५ वा जास्त, या तीनपैकी दोन गोष्टी असतील तर डॉक्टर ती निम्मी करतात. आपण आपल्या मनाने अर्धी तोडून घेतली तर तो काटकसरीचा नाही, नुकसानीचा व्यवहार होतो. पंचाहत्तरीनंतर किडनीची तपासणी सहा महिन्यांनी करून घ्यावी. गुडघे दुखले की मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी या औषधाबरोबर फार धोक्याची, त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. काढे, चूर्ण काही घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि बीपी ताब्यात ठेवा, रक्तस्राव टाळायचा तो सर्वांत सोपा मार्ग.

गोळी निर्धोक आहे असे मी म्हणणार नाही. माझ्या हातावर काळे-निळे डाग पडतात, दाढी करताना कापले तर रक्त थांबायला वेळ लागतो. ते सहन करायचे. पण काळी डांबरासारखी शौच झाली, लघवीतून रक्त आले, डोक्याला मार लागला किंवा एकाएकी भयंकर डोके दुखले, तर त्याच क्षणी दवाखाना. ज्यांना पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला आहे, अल्सर आहे, किडनी फार कमजोर आहे, त्यांचा निर्णय वेगळा होऊ शकतो. तो डॉक्टरांनी समोर बसवून करावा. कट्ट्यावर होऊ नये.

आणि झटका आलाच तर? चेहरा एका बाजूला वाकडा, हात वर धरला तर खाली पडतो, बोलणे जडावते. तीनपैकी एक जरी दिसले तरी घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. पुणे इथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तेव्हा मुलगा पुण्याहून येईपर्यंत थांबायचे नाही. तेल चोळायचे नाही, तोंडात पाणी घालायचे नाही. शेवटची गोळी किती वाजता घेतली होती हे मात्र डॉक्टरांना सांगायचे, कारण त्यावर ते इंजेक्शन द्यायचे की नाही हे ठरते.

शेवटी कार्यकारिणीपुढे एक ठराव मांडतो. रौप्यमहोत्सवाच्या निधीतून सोसायटीच्या ऑफिसात एक चांगले बीपीचे मशीन ठेवावे, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आपण साठीपुढच्या सगळ्यांनी एकमेकांची नाडी बघावी. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटे ठेवायची, मिनिटभर मोजायची. ताल सारखा असेल तर उत्तम. ठोके पुढे-मागे, वेडेवाकडे लागत असतील तर त्याच आठवड्यात ईसीजी काढायचा. एएफ कधी असते, कधी नसते, म्हणून एकदा बघून भागत नाही, दर महिन्याला बघायचे. आणि ज्यांना गोळी सुरू आहे त्यांनी नाव, गोळी, मात्रा आणि डॉक्टरांचा फोन लिहिलेले कार्ड पाकिटात आणि एक फ्रिजवर लावावे. मी कोऱ्या कार्डांची झेरॉक्स काढून आणली आहे, चहाच्या टेबलावर ठेवली आहे. जाताना प्रत्येकाने एक घ्या, आणि गावाकडे कोणी म्हातारे माणूस असेल तर त्यांच्यासाठीही एक घ्या.

ठरावाला अनुमोदन कोण देतंय?